तिरकी तार

प्रिय सुहैर,

तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तुझ्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. शेवटी तू हसलीस, "काय रे दादा, एवढा प्रेमळ कधीपासून झालास?" झालो नाही गं. सांगायचं होतं ते तोंडातून निघेना, म्हणून लिहितोय. तुझ्या वहिनीच्या, एहसानच्या हाती पाठवतोय. तिला चहा मागाहून दे, आधी हे वाच.

तुझ्या लग्नाचं सामान नव्या घरी निघालं तो दिवस आठवतो? चार उघड्या गाड्या, गाद्यांच्या ढिगावर बसून टाळ्या वाजवणारी आत्या, पुढे ढोल, आणि आपलं निम्मं महल्ला शहर गच्चीवरून तुझी पातेली न्याहाळतंय. घर तुझ्या नवऱ्याचं, रिफअतचं होतं, पण त्यातलं विजेचं सगळं काम माझी भेट. बाबा ज्याला त्याला सांगत होते, "माझ्या बहगतने घर उजळून टाकलं!" आणि मी छाती फुगवून उभा होतो.

त्याआधीच्या आठवड्याचं कोणालाच ठाऊक नाही. सामानाचा गुरुवार ठरलेला, तो हुकला तर सासरचे जन्मभर ऐकवतील ही धास्ती. गिलावा करणारा डोक्यावर उभा, "वस्ताद, आज भिंती बंद केल्या नाहीत तर ओल्या भिंतीला बहिणीचं कपाट टेकवशील काय?" दोन भिंती उरल्या होत्या आणि तारा ओवायचा पाइप संपला होता. आणायला अर्धा दिवस गेला असता. मी दोन्ही भिंतींत तार पाइपाशिवाय, बटणापासून छताजवळच्या कोपऱ्यातल्या डबीपर्यंत तिरकी, जवळच्या वाटेने टाकली. त्यावर गिलावा चढला आणि मी सुटलो.

आणि याच तोंडाने मी रिफअतला शिकवलं होतं की तार बटणापासून सरळ वर जाते, तिरकी कधीच नाही. तेवढा पट्टा सोड, बाकी भिंत तुझी.

महिन्याभराने त्याने तुझं काचेचं कपाट भिंतीला पक्कं करायला ड्रिल लावलं. त्याने तो पट्टा सोडला होता, सुहैर. चांगला हातभर सोडला होता. तरी विजेच्या धक्क्याने तो स्टुलावरून फेकला गेला. दवाखान्यात सगळे विचारत होते, "असं झालंच कसं?" तेव्हा सर्वांत आधी मी म्हणालो, "बटणाच्या बरोबर वर भोक पाडलं असेल, दुसरं काय!" तो शुद्धीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "असेल, वस्ताद. घाईत चुकलो असेन." दुसऱ्याच दिवशी मी ती भिंत नीट करून रंगवलीसुद्धा. तू मला दुवा दिलास.

अकरा वर्षं झाली. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून मिटत नाहीत. स्वतःच्याच केशकर्तनालयात तो गिऱ्हाइकाला टॉवेल गुंडाळतो आणि कात्री दुसऱ्याच्या हातात देतो. लोक चिडवतात, "रिफअत, भिंतीची हजामत करायला गेला होतास ना?" तोही हसतो. मीही हसलोय, एकदा नाही, कितीदा तरी. त्या हसण्याची लाज वाटते मला. चूक त्याची नव्हती. माझी होती.

हे सगळं मी कदाचित कबरीत घेऊन गेलो असतो. पण परवा तू सहज बोललीस की शुक्रवारी रिफअतचा भाचा आतल्या खोलीत एसी बसवायला येतोय. दुसरी तिरकी तार त्याच, एसीच्या भिंतीत आहे. मी ती तेव्हाच काढायला हवी होती, पण धडधाकट भिंत का फोडतोस, असं कोणी विचारलं तर काय सांगू, एवढ्याला भ्यालो. कोणीही त्या भिंतीला हात लावू नका. उद्या सकाळी येऊन मी रिफअतसमोर ती फोडतो आणि तार बाहेर काढतो. त्याने मला दारातून हाकललं तर त्याचं बरोबरच आहे. मग दुसऱ्या कारागिराला हे पत्र दाखव, मागच्या बाजूला तार कुठून कुठे जाते ते काढून दिलंय. आणि पत्र तुझ्या हातात देण्याआधी जिन्यातला मेन खाली कर, असं एहसानला बजावलंय. तुझा पंखा थांबला असेल, तर वीज गेलेली नाही. मी बंद केली आहे, अकरा वर्षं उशिरा.

तुझाच अपराधी भाऊ,
बहगत