म्हशीचे शॉकर, विलासचं दही

२ नोव्हेंबर, रविवार

निघताना दारात विलासने तळहातावर दही घातलं. "जपून." बस्स, एवढंच. लग्नाला चोवीस वर्षं झाली. दही तो लावतो, गाडी मी चालवते आणि मार्चपर्यंत शेजारच्या सीटवर बसून रस्ता तो चुकवायचा. मार्चमध्ये त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून हातावर दही घालतो आणि दारातच थांबतो. डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं, गाडीत बसा खुशाल, फक्त दणके नकोत. ह्याने त्यातलं 'दणके' तेवढं ऐकलं.

उत्तनला मच्छीमार बस्त्यावच्या दोन होड्या ओढल्या. किनाऱ्यावरून त्याच्या अंगणापर्यंत, दुरुस्तीला. ट्रेलर त्याचा, ओढणारी आमची म्हैस. (काळी डबल केबिन पिकअप, फोर बाय फोर, सेकंड हँड. आमच्या इंद्रलोकच्या पार्किंगमध्ये दीड गाडीची जागा खाते म्हणून सोसायटीने ठेवलेलं नाव. मला आवडलं, मी तेच चालवलं.) आज चढावर ट्रेलर असा काही नाचला की होडीतली बादली उडून रस्त्यावर. बस्त्याव मागून ओरडतोय, "ताई, गाडी हाय का पाळणा?"

वाकून पाहिलं. मागचे दोन्ही शॉकर तेलाने ओले. गेले कामातून.

मजुरी: बोंबील, भरपूर. विलासने तळले. गाडीचं सांगितलं तर म्हणे, "बघ बाई तुझं तू." बोंबील मात्र माझे त्याने बघितले.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसमधून परस्पर काशिमीऱ्याला, सलीम मिस्त्रीकडे. म्हशीचा एक कोपरा त्याने दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. ती चार वेळा डुलली. "देखा? एक बार उठके बैठ जाना चाहिए. ये तो कव्वाली सुन रही है."

मी म्हटलं, मग होडीचं वजन पेलेल असा दणकट शॉकर द्या. तर माझा वर्गच घेतला. "मॅडम, वजन शॉकर नहीं उठाता. वजन कमानी उठाती है, ये नीचे की पट्टियाँ. शॉकर का काम सिर्फ कूदना बंद कराना." चोवीस वर्षं गाडी चालवतेय, हे आज कळलं. कुणाला सांगायचं नाही.

पर्याय तीन. साधे, म्हणजे गाडीबरोबर आले होते तसे. हार्ड, गॅसवाले. आणि नॉबवाले, पिळून कडक-मऊ करायचे. मी विचारलं, तुम्ही कुठले घ्याल? "मैं? मैं तो स्कूटर चलाता हूँ."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्रुपवर विचारलं. चूकच झाली. शनिवार-रविवार चिखलात गाड्या घालणारे एकोणीस पुरुष, एकोणीस मतं, आणि शेवटी सगळे टायरवर भांडायला लागले. पण बहुमत: हार्ड. बस्त्यावला फोन केला. "हार्ड घे. दुसरा इलाज न्हाय."

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला होडी ओढण्याची तेवढी पडलेली नाही. मला जानेवारीत सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर जायचंय, दर वर्षी जातो तसं, आणि विलास शेजारी हवाय. मांडीवर वही, नाकावर चष्मा, "आता डावीकडे... नाही, नाही, तुझं डावं नाही, माझं डावं." आठ महिने मी बरोबर रस्त्याने जातेय. कंटाळा आलाय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हार्ड बसवले. चारही. पिवळेधमक आहेत, म्हशीला पैंजण घातल्यासारखे दिसतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

होडी ओढली. वा! ट्रेलर गुमान मागून आला, शाळेच्या रांगेत यावा तसा. बस्त्यावने रस्त्यातच टाळ्या वाजवल्या.

उड्या मारत घरी. "विलास, चल. एक चक्कर. भाईंदर पश्चिमेला जाऊन येऊ, फार तर फ्लायओव्हर."

तो उठला, मला वाटलं निघाला. फ्रिजकडे गेला. "आधी दह्याला बसव."

"म्हणजे?"

"विरजण लावून देतो. पुढच्या रविवारी माझ्या सीटवर ठेव, पट्टा बांध, उत्तनला ने, तुझी कामं कर, दुपारी घेऊन ये. लागलं नीट, तर मी बसतो. दह्याला जे सोसतं ते मला सोसेल."

हसू की रडू. म्हटलं, पुढच्या रविवारपर्यंत कोण थांबतंय? परवाच रजा टाकते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रजा. कारण लिहिलं 'घरगुती'. खोटं नाही.

सकाळी सातला विलासने कोमट दुधात विरजण घातलं, स्टीलच्या डब्यात, झाकणावर फडकं. आपल्या सीटवर आपल्या हाताने पट्टा बांधला, कंबरेखाली उशी ठेवतात तशी डब्याखाली चुंबळ ठेवली. मग माझ्या हातावर कालचं दही. "जपून," हे डब्याकडे बघून.

मिठागरांच्या कडेने उत्तन, किनाऱ्यावरची दगडी वाट, थांबले, मासे घेतले, पुन्हा दगड, परत. रिकामी म्हैस हार्ड शॉकरवर अशी आपटत होती की माझ्या बांगड्यांचा ताशा झाला.

एक वाजता डबा उघडला. वर हिरवट पाणी, खाली गुठळ्या. विलासने चमच्याने ढवळलं, हिंग-जिरं घातलं, दोन पेले भरले. "रिपोर्ट: ताक. उत्तम आहे."

प्यायले. उत्तमच होतं, म्हणून जास्त राग आला. म्हटलं, "तू घाबरटपणा करतोयस आणि दह्याला पुढे करतोयस." त्याने पेले विसळून ठेवले. नंतर मलाच वाईट वाटलं. कळा मी नव्हत्या सोसल्या, त्याने सोसल्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकून पिणारच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सलीमने हार्ड परत घेतले, एका भाजीच्या टेम्पोवाल्याला तसेच हवे होते म्हणे. नॉबवाले बसवले. आठ टप्पे. पिळलं की टक् वाजतं. एक म्हणजे मऊ, आठ म्हणजे कडक. "होडी हो तो सात. घर का आदमी हो तो दो." मी दह्याचं काहीच सांगितलं नव्हतं त्याला. फक्त नवऱ्याचं सांगितलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुसरी परीक्षा. जाताना दोन. किनाऱ्यावर डबा काढून बस्त्यावच्या ओटीवर सावलीत ठेवला, नॉब सातवर, होडी ओढली. मग पुन्हा दोन, पुन्हा डबा. मी वाळूत गुडघे टेकून टक् टक् करत होते, बस्त्याव बघत होता. "ताई, ह्ये दही कोनाचं हाय?" सगळं सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग डबा स्वतः उचलून, दोन्ही हातांत धरून, पाय मोजत गाडीपर्यंत आणला. चर्चमधल्या मिसमध्येसुद्धा इतका हळू चालत नसेल.

घरी: अर्धं लागलेलं. एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने फुटलेलं. माझ्या बाजूने घट्ट.

"प्रगती आहे," विलास म्हणाला. पण चेहरा पडला होता त्याचा. म्हणजे त्यालाही लागायला हवंय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वॉचमन यादवने लिफ्टपाशी गाठलं. "मॅडम, गाडी का हॉर्न चेक करा लो. साहब दोपहर को दबाते हैं, आवाज़ बैठी हुई है."

"कौन साहब?"

"अपने साहब. रोज आते हैं, दूसरी चाबी लेके. पंद्रह-बीस मिनट बैठते हैं. बेल्ट लगाके."

कोणत्या सीटवर, विचारलं. बाजूच्या.

वर आले. तो घरूनच काम करतो हल्ली. लॅपटॉपसमोर बसला होता, कानात हेडफोन, कुणाला तरी "येस, येस" करत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. यादवचं त्याला सांगणार नाही. थोडी रडले, कांदा चिरायचा होताच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ग्रुपबरोबर जुन्या खाणीत. मुरूम, खड्डे, एक डबकं. म्हैस डबक्यात शिरली की खूश असते, नावाला जागते. नॉब तीनवर. खड्ड्यात मऊ, वर आली की एकदाच डुलायची. पण सपाट खडीवर मात्र दातांवर दात. का?

परतताना पंपावर हवा बघायला थांबले. हवावाला मीटर लावून माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, पीछे पचास है. ट्रक समझा क्या?"

आठवलं. जूनमध्ये मोठी होडी ओढायची होती, बस्त्याव म्हणाला होता हवा दाबून भर. दाबून भरली. आणि उतरवली कोणी? मी नाही. म्हणजे पाच महिने दगडासारख्या टायरांवर फिरतेय आणि शिव्या शॉकरना. नाचता येईना अंगण वाकडं! हवा उतरवून निघाले आणि वरसावे ते काशिमीरा रस्ता कोणी तरी इस्त्री केल्यासारखा.

सलीमला फोन करून झापलं, तुम्ही का नाही बघितली? "आपने शॉकर पूछा, मैंने शॉकर बताया." बरोबर आहे त्याचं.

मग ते पिवळे हार्ड शॉकर तरी खरे वाईट होते का? हा विचार आज करायचा नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

तिसरी परीक्षा. हवा बेताची, नॉब दोन. तोच रस्ता, तीच दगडी वाट. एक होडी, तिच्यापुरते नॉब सात, हवाही वाढवली, परत दोन्ही उतरवली. बस्त्यावने ह्या खेपेला डबा ओटीवर न ठेवता घरात ठेवला, बायकोच्या देखरेखीखाली.

एक वाजता विलासने झाकण काढलं. डबा तिरका केला. हललं नाही. आणखी तिरका केला. हललं नाही! वर साय, आरशासारखी. चमचा घातला तर काप निघाला, वडीसारखा.

मी टाळ्या पिटल्या, ओट्याभोवती नाचले, साठीच्या खाली आहे म्हणून चालतं. विलास चमचा धरून उभा. "लागलंय," म्हणाला. मग पुन्हा, "लागलंय गं." आणि त्याच्या कपाळावर घाम.

मी विचारलं, बसशील? "पुढच्या रविवारी बघू."

बघू, म्हणाला. नाही म्हणाला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

सड्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. काढला नाही. त्याने जुनी वही कपाटातून काढून टेबलावर ठेवलीय, 'शोधत होतो काहीतरी'. मी विचारलं नाही काय ते.

यादव म्हणाला, हॉर्न आजकल ज़्यादा बज रहा है.

७ डिसेंबर, रविवार

सकाळचे पावणेआठ. गाडीतच लिहितेय, सोसायटीच्या फाटकात, इंजिन बंद करून.

विलास साडेसातला आपणहून खाली आला. कंबरेला पट्टा, हातात विरजणाचा डबा. डबा मागच्या सीटवर ठेवला, बांधला. स्वतः पुढे बसला. "फक्त फाटकापर्यंत."

पार्किंगपासून फाटक, मध्ये एक स्पीडब्रेकर. आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नव्हती, एक मांजर आम्हाला ओलांडून गेलं. ब्रेकर आला. त्याने डोळे मिटले, वरचं हँडल धरलं. म्हैस एकदा उठली, एकदा बसली. बस्स. त्याने एक डोळा उघडला. "झाला?"

"झाला."

"मला वाटलं येतोय."

फाटकाशी थांबले. ठरलं होतं तेवढं झालं होतं. मी काही म्हणणार नव्हते, देवाशपथ. तोच एकदम म्हणाला, "अगं, दही!"

"मागे आहे. तूच बांधलंस."

"ते नाही. हातावरचं. तू निघालीस आणि मी घातलंच नाही." आणि उतरला, सावकाश, दार धरून, आणि लिफ्टकडे गेला.

त्याला आता दहा मिनिटं झाली. इतके महिने दही घालायचं म्हणजे मागे थांबायचं, असंच झालंय त्याचं. वाटी आणेल, हातावर घालेल, "जपून" म्हणेल आणि फाटकातच उभा राहील, हे मला दिसतंय. त्याची पाण्याची बाटली सीटवर आहे. त्यावरून काही ठरत नाही, बाटल्या तो सगळीकडे विसरतो. यादव फाटक उघडून ताटकळलाय. मागे रिक्षावाला वाजवतोय.

इतक्यात वरून, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, अख्ख्या विंगला ऐकू जाईल असं: "अगं ए! दोघं निघालो तर हातावर दही कोणी घालायचं?"

मी खिडकीतून अर्धी बाहेर. "तू माझ्या, मी तुझ्या!"

यादव हसतोय. रिक्षावाल्यानेही वाजवायचं थांबवलं. विलास गॅलरीतून आत गेला. साखर शोधत असेल, डबा फ्रिजच्या वर आहे, त्याला सापडणार नाही. उत्तनपर्यंत त्याला जमेल की फ्लायओव्हरवरूनच परत फिरावं लागेल, काही सांगता येत नाही.

लिफ्ट खाली येतेय. नॉब दोनवर आहेत, मघाशीच बघितलेत. तरी उतरून पुन्हा एकदा बघते.