आबेदाच्या कपाटाचं दार

प्रिय आबेदा,

मुद्दाम पत्र लिहितेय. कान अधू झाल्यापासून तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि अख्खी खराडी आपलं बोलणं ऐकते. हे मात्र कुणी ऐकायचं नाहीये.

तुझा फ्लॅट घेतलेली मंडळी समोर राहायला आली. जिन्यात भेटली तर मान हलवतात. शनिवार पेठेत बोललं की दंड पडतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. तुझं स्वयंपाकघर त्यांनी तोडलं आणि कपाटाचं सागवानी दार जिन्यात टाकलं. भंगारवाल्याच्या आधी मी ते चित्र काढायला म्हणून उचलून घरात आणलं.

माझ्या सासूबाईंच्या पोळपाटाची आपली फजिती आठवते ना? त्यावर आपण हौसेनं तेलरंगात जास्वंदी काढल्या आणि उन्हाळ्यात सगळ्याचे पोपडे निघाले. वर्षानुवर्षं तूप-तेल प्यायलेलं लाकूड, त्याच्यावर रंगाखालचं अस्तर धरणार कसं? तू पोळपाटावरच चिडली होतीस. तुझं दारही गॅसजवळचंच, फोडण्यांनी चिकट झालेलं. म्हणून या वेळी आधी सोड्यानं धुतलं, वाळवलं, मग कोरं लाकूड दिसेपर्यंत पॉलिशपेपरनं घासलं. लाकडाची छिद्रं बुजवणारं सीलर पुढून, मागून आणि कडांनाही लावलं, कारण एकच बाजू बंद केली की पावसाळ्यात फळी वाकते. मग पांढऱ्या अस्तराचे पातळ हात, प्रत्येक हात वाळला की पुन्हा घासणं. इतकं सुरेख झालंय की काय सांगू. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून दूधवाल्याला दाखवलं. त्यानं विचारलं, कुठे बसवायचंय.

तू गेल्यापासून मला फार एकटं वाटतं, आबेदा. चहा अजूनही दोघींचा टाकला जातो आणि मीच दोन्ही कप पिते. पित्त वाढलंय.

आमोदला हे कळलं असावं. पुढच्या महिन्यात तो कॅनडाहून येतोय, मला कायमची घेऊन जायला. मुलगा चांगला आहे, त्याचं काही चुकत नाही. पण खराडीत मुलाकडे चौदाव्या मजल्यावर बसलेल्या तुला मी पाहिलंय. रंगाच्या वासानं सुनेचं डोकं दुखतं म्हणून तुझे ब्रश माळ्यावर गेले, आणि तू हसून बटाटे सोलत होतीस. मला तसं हसायचं नाहीये. शिवाय मीही गेले तर पेठेत तू यायचं कुणाकडे?

म्हणून मी त्याला थाप मारलीय. म्हटलं, मोठं चित्र नुकतंच पुरं केलंय, तेलरंग आतपर्यंत वाळायला वर्ष लागतं, त्याशिवाय वॉर्निश करता येत नाही आणि ते हलवताही येत नाही. इंजिनियर आहे, लगेच पटलं. तरी तुला फोन करून विचारेल. वर्षच सांग, कमी सांगू नकोस. आणि तो यायच्या आत तुझे ब्रश घेऊन इकडे ये. फळी अजून पांढरीच आहे गं. रोज सकाळी तिच्यासमोर बसते, पण एकटीनं मला रंग लावायला सुरुवातच करवत नाही.

तुझीच, अजून तरी समोरच्या दारातली,
मंदाकिनी