आई, आहेस ना?

३ मार्च
पोहोचले. बॅग हरवली नाही, पासपोर्ट हरवला नाही, रस्ता मात्र दोनदा चुकले. वृद्धाश्रम तीन मजली, उजेडाचा. वासही साबणाचा, औषधांचा नाही. स्वयंसेवकांत चाळिशी ओलांडलेली मी एकटीच; बाकीची सगळी देशोदेशींहून आलेली विशीतली पोरं. त्यातला एक चष्मेवाला माझी बॅग उचलताना म्हणाला की यंदा निदान एक तरी जबाबदार माणूस आलंय. मी म्हटलं, इतक्या घाईनं मत बनवू नकोस. सगळे हसले. मीही हसले, आणि लगेच अपराधी वाटलं.

का आले ते एकदा नीट लिहून ठेवते. माझी लेक इथे वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आली होती. आठव्या महिन्यात तापानं गेली. तिचे राहिलेले चार महिने पुरे करायला मी आले आहे. हे खरं कारण आहे का? निम्मं.

५ मार्च
इथल्या बहुतेकांची स्मृती गेलेली आहे. व्यवस्थापिकाबाईंनी दोन नियम सांगितले. पहिला, आपल्याला कुणीही समजोत, वाद घालायचा नाही, हो म्हणायचं. दुसरा, एकाच माणसापाशी सलग दोन दिवस बसायचं नाही. त्यासाठी जिन्यापाशी पाळ्यांचा फळा आहे. रोज सकाळी त्या स्वतः खोल्यांच्या खुंट्यांवरच्या आमच्या नावांच्या चकत्या बदलतात. कारण विचारलं, तर जीव लागतो एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा मला मेहुणी समजतात. बहिणीला लाडावून ठेवलंस, माझी छत्री कुठे टाकली विचार तिला, असं फटकारलं. मी हो म्हटलं. तर म्हणाले, नुसतं हो म्हणतेस आणि करत काही नाहीस, अगदी तिच्यासारखीच.

९ मार्च
आज सात नंबरची खोली. तिथल्या आजी चिमणीएवढ्या, पलंगावरून न उठणाऱ्या. त्यांना फक्त इथलीच भाषा येते. मी चादर बदलत होते. त्यांनी पलंगाच्या दांडीवर दोनदा टकटक केली आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "आई, आहेस ना?"

माझे हात थांबले. लेक लहान असताना मी आंघोळीला गेले की ती दारावर अशीच दोनदा टकटक करायची, हेच विचारायची. आतून "आहे गं" ऐकल्याशिवाय हलायची नाही. मोठी झाल्यावरही चिडवायला करायची.

नियमाप्रमाणे मी म्हटलं, "आहे गं."

लेकीनंच शिकवलं असणार. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या की पोरगी फळ्याला न जुमानता शेवटचा महिनाभर सातमध्येच बसायची, बोलणी खायची आणि पुन्हा जायची.

१४ मार्च
पाच दिवस मी माझी चकती गुपचूप सातच्या खुंटीवर लावते आहे. लबाडी आहे, कळतं. पण ती हाक त्या खोलीशिवाय जगात दुसरीकडे कुठेच नाही.

आज आजी म्हणाल्या, "आई, मला आपल्या घराच्या खिडक्या आठवत नाहीत गं."

हे वाक्य लेकीनं शेवटच्या फोनवर म्हटलं होतं. परत येऊ का, असंही विचारलं होतं. मी हसले होते. म्हटलं, झोप पुरी घे म्हणजे आठवेल सगळं. हाती घेतलेलं अर्धवट टाकून यायचं नाही. नंतर बारा दिवसांनी ती गेली. हे मी कुणालाही, तिच्या बाबांनासुद्धा सांगितलेलं नाही.

१७ मार्च
लेकीच्या हनुवटीवर झोपाळ्यावरून पडल्याची खूण होती. उजवीकडे की डावीकडे? सकाळपासून आठवत नाही. फोटो पाहिला. फक्त फ्रॉक ओळखला. तो मीच शिवलेला.

सातमध्ये गेले. आजींनी स्वतःच्या हनुवटीवर, डावीकडे, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, झोका उगाच जोरात दिलास. आज त्या उठून बसल्या होत्या. गालांवर रंग होता.

आता कळतं आहे. मी एकदा "आहे गं" म्हटलं की माझ्यातलं काहीतरी तिकडे जातं. लेकीचंही असंच गेलं. ताप नंतर आला. आधी ती रिकामी झाली होती. ती मला सांगत होती, आणि मी तिला झोप म्हटलं.

१९ मार्च
व्यवस्थापिकाबाईंना सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या की उरलंय तेवढं घेऊन घरी जा. उद्या अकराला गाडी येईल.

गेले तर लेक इथेच राहील, हाका मारत. राहिले तर माझ्यातून जाईल. तिच्या बाबांना काय सांगू? बॅग भरली आहे.

२० मार्च
गाडी आली. बॅग डिकीत ठेवली. वरून टकटक ऐकू आली. दोनदा. चष्मेवाल्यानं माझा दंड धरला, काकुळतीला आला, वर जाऊ नका म्हणाला.

तिलाही त्या दिवशी असंच— अर्धवट टाकून यायचं नाही, म्हटलं होतं मीच.

गाडी गेली.

२३ मार्च
सातमधली ती आता चालते. माझी वेणी घालून दिली. विचारलं, मी सायकल कधी शिकले? मला आठवेना— तिनंच सांगितलं. रडू आलं. इतकं छान सांगत होती. कुणाच्या मुलीबद्दल—

२५
माझी चकती फळ्यावर नाही. पलंग मऊ आहे. जेवण चष्मेवाला मुलगा भरवतो. तो का रडतो? मी हो म्हणते त्याला.

वहीत एक फ्रॉकवाल्या मुलीचा फोटो. गोड आहे. तिची आई कुठे—

तारीख—
दारावर टकटक. दोनदा.

याला काहीतरी म्हणायचं असतं. बाहेर कुणीतरी वाट पाहतं आहे, लहान मूल असावं. ताटकळत ठेवू नये. मागच्या पानावर लिहिलं आहे बहुतेक. अक्षर कुणाचं कोण जाणे, पण सुवाच्य आहे—

हं. सापडलं.

आहे ग