लिंडसेचं वर्गमूळ आणि चिखलातली शर्यत

टेमर नदीकाठ, मंगळवार

चि. डल्सीस क्लेमदादाचा आशीर्वाद.

तुझा गुडघा काय म्हणतोय? बेंडिगोचा उकाडा सोसतोय ना? इथे माझ्या रक्तदाबाशिवाय सगळं ठीक आहे, आणि त्या रक्तदाबाचं नाव लिंडसे.

आमच्या होड्यांच्या क्लबात भरतीच्या वेळा मी सांगायचो. धक्क्याचे खांब बघायचे, आभाळ बघायचं, वेळ सांगून टाकायची. मग हा गणिताचा रिटायर मास्तर आला, बीजगणित सोडवणारा प्रोग्राम घेऊन, आणि माझं काम त्याच्याकडे गेलं. आता बायका त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहून पडदा बघतात. (कळत एकीलाही नाही. आमची सेक्रेटरी नोरीन तर चष्मा न लावताच बघते.)

शुक्रवारी, म्हणजे शर्यतीच्या आदल्या दिवशी, मी डोकावलो तर भरतीच्या सूत्रात एका संमिश्र घातांकी पदावर (घातांकात फिरता कोन असतो ते) वर्गमूळ तसंच लटकलेलं. म्हटलं, "मास्तर, मूळ काढायचं राहिलं की."

"राहू दे, क्लेम. कोन किती फिरणार ते यंत्राला सांगितलेलं नाही. अर्ध्या फेऱ्यापुढे गेला तर चिन्ह उलटतं, म्हणून ते हात लावत नाही."

आता मूळ काढायचं म्हणजे घातांक निम्मा करायचा, एवढं मी शाळेत शिकलोय (आणि मगच शाळा सोडली). एवढ्यासाठी कोनाची चौकशी कशाला? तो चहाला गेल्यावर मी यंत्राला सक्तीने मूळ काढायला लावलं. सूत्र कसं सुटसुटीत झालं! नव्या वेळा छापून दारावर लावल्या.

कोन अर्ध्या फेऱ्यापुढे गेलेला होता. अधिकाचं उणे झालं, भरतीच्या जागी ओहोटी. शनिवारी शर्यतीत सगळ्या होड्या चिखलात बसल्या, नव्या टोपीतल्या अध्यक्षांसकट. नोरीनने काठावरून विचारलं, "हे दिवे कुणी लावले?" मी तोंड उघडणारच होतो (खरंच होतो), तेवढ्यात लिंडसे म्हणाला, "चूक माझी. कोनाची मर्यादा मीच घातली नव्हती."

झालं. आधी नुसता हुशार होता, आता दिलदारही. नोरीनने त्याचे बूट स्वतःच्या हाताने धुतले. माझ्या बुटांना अजून चिखल आहे.

काळजी घे.

तुझा,
क्लेमदादा

ता.क. क्लबात कुणाला काही कळलेलं नाही. तूही बोलू नकोस.

आणखी एक. माझी होडी चिखलातून ओढताना लिंडसेने तुझा पत्ता मागितला. ईस्टरला तू येऊन गेलीस तेव्हापासून मागतोय, मी हरवला म्हणून सांगतो. आता माझी चूक त्याने अंगावर घेतल्यावर तसं कसं सांगू? देऊ का? नको असेल तर लगेच लिही, मी स्वतः जाऊन त्याला कळवतो. चालणार असेल तरी लिही, पण फार आनंदाने लिहू नकोस.