जटपुरा गेट, समोरून

प्रिय मन्या,

आज संध्याकाळी रामाळा तलावाच्या काठावर मी सायकलवरून पडलो. गुडघा सोलला, पँटला भोक पडलं, आणि पोट धरून हसायला तू नव्हतास. म्हणून हे पत्र. पाठशाळेत मला सगळ्या विभक्त्या शिकवल्या, तोल कुणी शिकवला नाही. द्विचक्रिका म्हणा की सायकल, लागतं सारखंच!

या वयात हे कशाला, असं विचारशील. अरे, तू गेलास आणि शहराच्या परकोटाभोवतीची आपली रविवारची फेरी बंद पडली. फेरीतल्या सगळ्यांना वाटलं, मास्तर बोलावतील. मास्तर कशावर बसून बोलावणार? बोलणं माझं, पेडल तुझं!

खरं सांगू? तुझ्या कॅरियरवर बसून मी जगाला इतिहास सांगितला, पण हे शहर कधी समोरून पाहिलंच नाही. पाहिलं ते तुझ्या सदऱ्याच्या दोन्ही बाजूंनी. एकीकडून बुरूज सरकत यायचे, दुसरीकडून धुक्यातली घरं, मधे तुझी पाठ. कधी डोळा लागायचा. मग जटपुरा गेटच्या कमानीखाली तू घंटी वाजवायचास, ती दगडावरून परत यायची, आणि अर्धवट झोपेत वाटायचं, आतून कुणी ओ दिली.

गेटमधून सायकल हातात धरूनच न्यायची, हा नियमही तुझाच. "कोणाच्या घरात गाडीवर बसून जाते का कोणी?"

परकोटाच्या बगड खिडकीजवळची साफसफाई आठवते? भिंतीवरचे पानाचे डाग घासत होतो सगळे. मी तर श्लोक म्हणत घासत होतो. एवढ्यात समोरच्या घरातून शेवंताबाई धावत आल्या. "काऊन जी मास्तर, आमच्या मातामायले काऊन घासून राह्यले?"

वारसा जपायला निघालेल्यांनी डाग समजून वस्तीची शेंदराची देवीच अर्धी धुऊन काढली होती! मी ब्रश पाठीमागे लपवला. तू मात्र कान पकडलेस. "चुकलं बाई. शेंदूर आणतो." पुढच्या रविवारी आणलासही. तेव्हापासून तिथं आपल्याला चहा, आणि मला टोमणा ठरलेला: "मास्तरच्या हाती ब्रश नका देऊ जी."

गेल्या बाजारात त्या भेटल्या. "घंटी नाई ऐकू येत आता. पातेलं चढवू का नको, एकदाचं सांगून टाका."

"चढवा. या रविवारी येतो," मी बोलून गेलो. बोलणंच ना, ते मला येतं.

मग तुझ्या घरी सायकल मागायला गेलो. वहिनींनी ती पुसून ठेवली होती. "येते का तुम्हाले चालवता?" मी नाही म्हणून मान हलवली. त्या हसल्या. तू गेल्यावर पहिल्यांदाच. पदर खोचून म्हणाल्या, "चला मंग तलावावर."

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या मागून कॅरियर धरतात. "समोर पाहा भाऊजी, चाकाकडे काय पाहून राह्यले!" आज मी पडलो, तर सायकल उचलून स्वतः टांग मारली आणि काठानं सरळ एक चक्कर मारून आल्या. वरोऱ्याला माहेरी असताना शाळेत सायकलनंच जायच्या म्हणे! मन्या, तुला ठाऊक होतं हे? मग इतके रविवार त्यांना घरी ठेवून मला काय मिरवत होतास?

"कधी बोलल्या नाहीत?" मी विचारलं.

"जागा कुठी होती भाऊजी? सीटवर हे, कॅरियरवर तुम्ही."

मी म्हटलं, सीट आता तुमची. यावर तू काय म्हणाला असतास रे?

उद्या रविवार. तुझी सायकल वहिनी चालवतील, मी शेजाऱ्याची. सगळ्यांना निरोप गेलेत. शेंदराची पुडी खिशात ठेवलीय. ब्रश घेतलेला नाही. जटपुरा गेट उद्या पहिल्यांदा अख्खं दिसेल, मधे तुझी पाठ नसेल. एवढं मोठं ते एकदम सोसेल की नाही, माहीत नाही. पण वचन देतो, तिथं उतरेन (पडून नव्हे, अशी आशा), सायकल हातानं आत नेईन, आणि फेरी पुन्हा बंद पडू देणार नाही. कमानीखाली घंटी मात्र वहिनी वाजवतील. ओ देशील ना?

तुझ्या कॅरियरवरून एकदाचा उतरलेला,
मास्तर