सरांचे म्हणतात ते माझे घर

मी, खाली सही करणारी, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही धाकाखाली न येता लिहीत आहे. आग्रह पुष्कळ झाला. तो मानला नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. वकिलांनी दिलेला मसुदा सुबक होता, पण माझे वडील प्रत्येक उताऱ्याखाली एक सूचना देत, ‘उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहा’, आणि त्यांनी शिकवलेले मी काहीही विसरलेले नाही.

आधी नाती स्पष्ट करते, म्हणजे पुढे घोळ नको. वडील शाळेत इंग्रजी शिकवत. घरी ते नाना, शाळेत सर. मी त्यांच्याच वर्गात होते. धाकटा भाऊ दुसऱ्या शाळेत गेला आणि सुटला. वर्गातल्या एका मुलाला नाना ‘हिरा’ म्हणत. तो मुलगा पुढे मोठा अधिकारी झाला, निवृत्तही झाला, पण आमच्याकडे अजून हिराच आहे. भावाला एक मुलगी. ती मला आत्या म्हणते.

कलम १. घर. हे घर मी माझ्या नोकरीवर घेतले. नाना निवृत्तीनंतर माझ्याकडे राहायला आले, त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला येऊ लागले, आणि बघता बघता पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे याला ‘सरांचं घर’ म्हणू लागले. ती चूक इथे दुरुस्त करते. पुढच्या खोलीतल्या फळ्यासकट हे घर मी माझ्या पुतणीला देत आहे. भावाला नाही. हिरा ज्या स्मारक समितीचे अध्यक्ष आहेत, त्या समितीला तर नाहीच.

कारणेही देते. कारण न सांगता मी कधी नियम शिकवलेला नाही.

नानांचा वर्ग म्हणजे मेजवानी होती. ते फळ्यावर एकच वाक्य लिहीत आणि घड्याळजी घड्याळ उघडतो तसे ते सुटे करून दाखवत. हा भाग कशाला, तो काढला तर काय अडेल, आता तुम्ही जोडा. मी आयुष्यभर तसेच शिकवले आणि त्याहून चांगली पद्धत मला सापडलेली नाही. वाक्य जोडायची वेळ आली की माझा हात सर्वांत आधी वर जाई. नानांची नजर माझ्या बाकापर्यंत येई, बाकावरून पुढे जाई आणि हिऱ्यावर थांबे. हिरा अडला तर ते थांबत. विचार कर, घाई नाही, म्हणत. माझा हात दुखू लागे. मग मी दुसऱ्या हाताने त्याला टेकू देई. सरांनी पोटच्या मुलीला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून शाळा संपेपर्यंत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. एकदा जेवताना मीच विषय काढला. ते म्हणाले, “अगं, तुला येतं हे मला ठाऊक आहे. मग विचारायचं कशाला?”

इंग्रजीच्या तासाला शिकलेला हा माझा पहिला धडा. ज्याला येते त्याला विचारत नाहीत.

कलम २. नानांची खुर्ची. ही भावाला द्यावी. तो आला की विचारल्याशिवाय तीतच बसतो, तेव्हा ताब्याचा प्रश्न उरलेला नाही.

कलम ३. शब्दकोश. जाड, कातडी बांधणीचा. आतल्या पानावर नानांच्या अक्षरात ‘चिरंजीव हिऱ्यास’ असे लिहिलेले आहे. द्यायचे राहून गेले. ते आताही राहील. शब्दकोश सार्वजनिक वाचनालयाला द्यावा. ग्रंथपालांनी ते पान फाडू नये, मात्र बाहेर वाचायलाही नेऊ देऊ नये.

कलम ४. बँकेतली ठेव पुतणीला. तीतून आधी स्वयंपाकघराचे गळके छप्पर दुरुस्त करावे, उरेल त्यातून काहीही करावे. हिशेब कोणी मागू नये.

सारांशलेखन हा नानांचा आवडता पाठ होता. महत्त्वाचे ठेवायचे, बाकीचे निर्दयपणे गाळायचे. हे तत्त्व मला नीट समजले ते त्यांच्या सत्काराच्या दिवशी. भाषणात त्यांनी आपल्या आयुष्याचा सारांश सांगितला. त्यात शाळा होती, फळा होता, हिरा होता. मी पहिल्या रांगेत त्यांची औषधाची पिशवी घेऊन बसले होते. सारांश उत्तम होता. एक शिक्षिका म्हणून मी त्याला पूर्ण गुण देईन.

शेवटच्या आजारात मोठ्या डॉक्टरांनी तपासण्यांचे निकाल इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. मी नानांच्या उशाशी पाण्याचा पेला धरून उभी होते. नानांनी मान दाराकडे वळवली. “हिऱ्याला बोलवा,” ते म्हणाले. “त्याला इंग्रजी कळतं.” हिरा आले, डॉक्टरांशी बोलले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ताई, घाबरू नका. मी तुम्हाला मराठीत सोपं करून सांगतो.”

तोवर माझ्या हाताखालून किती वर्ग इंग्रजी शिकून बाहेर पडले होते, हे नाना आणि हिरा दोघांनाही माहीत होते. त्यांच्या ते लक्षात आले नाही, इतकेच. मी सगळे ऐकून घेतले. हिऱ्यांनी आजाराची गंभीरता थोडी सौम्य केली. ती मी मनात पुन्हा मूळ पदावर आणली आणि रडायला बाथरूममध्ये गेले.

कलम ५. स्मारक. नानांच्या पश्चात हिरा आणि भाऊ मला भेटले. पुढच्या खोलीत नानांचा मोठा फोटो, काचेच्या कपाटात चष्मा आणि खडू, बाहेर संगमरवरी पाटी, अशी योजना होती. मी मागच्या खोलीत राहावे, सकाळी उघडावे, संध्याकाळी झाडून बंद करावे. मी पाहुण्यांना चहा देईन, असे त्यांनी गृहीतच धरले होते. भाऊ म्हणाला, “तायडे, तुझ्यामागे कोण आहे सांग? नानांचं नाव तरी राहील.”

सभ्य नकाराचे पत्र कसे लिहावे, हे नानांनी फार सुंदर शिकवले होते. आधी आभार, मग खेद, शेवटी शुभेच्छा. त्यानुसार, समितीने माझ्या घराबद्दल दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहे. घर देता येत नाही याचा खेद वाटत नाही. दुसरी जागा मिळो.

माझ्यामागे कोण आहे, याचे उत्तर पुतणी. ती इंग्रजीत दोनदा नापास झाली, म्हणून भावाने तिला माझ्याकडे पाठवले. आमच्या घराण्यात आजवर कोणीही न केलेली गोष्ट तिने केली. मी रंगात येऊन समजावत होते आणि तिने माझ्या हातातला खडू काढून घेतला. “आत्या, थांब. सगळं डोक्यावरून जातंय. आणि तू सकाळपासून काही खाल्लंयस का?” प्रश्न विचारला गेला, तोही मला, आणि उत्तर येते की नाही हे ठाऊक नसताना. फळा तसाच सोडून मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ती अजूनही इंग्रजीत कच्ची आहे. घर तिचेच.

कलम ६. साक्षीदार. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राखाली काही घेता येत नाही आणि पुढे ‘बाई शुद्धीवर नव्हत्या’ असेही म्हणता येत नाही, असे वकिलांनी मला समजावले. त्यांनी ते फार स्पष्ट समजावले. मी त्यांचे कौतुक केले. साक्षीदार फक्त माझ्या सहीला साक्षी असतो. मजकूर वाचण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

पहिल्या साक्षीदाराला मी फोन केला आणि सही करण्यापूर्वी वाचून घेणार का, असे दोन वेळा विचारले. ते म्हणाले, “ताई, वाचायचं काय त्यात? सरांच्या घरातला कागद आहे.” त्यांना फार आनंद झाला होता. व्यवसायाच्या रकान्यात हुद्दा नको, आपण सांगू तेच लिहा, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह मी मानला आहे.

स्थळ: माझे घर, पुढची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तो.

मृत्युपत्र करणारी: (सही) निवृत्त इंग्रजी शिक्षिका

आमच्या समक्ष वरील सही झाली:

साक्षीदार दुसरी: (सही) शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. मजकूर वाचला.

साक्षीदार पहिला: (सही) हिरा. व्यवसाय: सरांचा विद्यार्थी. मजकूर वाचला नाही.