शॉकॅब कोणते घ्यायचे?

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. पिकअपचे मागचे दोन्ही शॉकॅब, म्हणजे धक्के झेलणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गळत होते. संत्री निवडायचं मशीन ट्रॉलीवर घालून ओढताना गाडी डोलायची. काल तर काटोलच्या वळणावर ट्रॉलीने गाडीच बाजूला खेचली. समोरून बस येत होती.

आज तीन दुकानं पालथी घातली. एक म्हणाला, सगळ्यांत कडक घ्या. दुसरा म्हणाला, गॅसचेच घ्या. तिसरा म्हणाला, "मॅडम, साहेबाले पाठवा ना, त्यायले समजन." साहेब शाळेत भूगोल शिकवतात, बॉनेट कुठून उघडतं तेही त्यांना ठाऊक नाही! गाडी मी चालवते, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ट्रॉलीबद्दल तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

शेवटी वैतागून सलीमभाईंच्या गॅरेजात गेले. त्यांनी आधी ट्रॉलीच पाहिली.

"ताई, मशीन इतकं मागं काहून ठेवलं? वजन मागं गेलं का ट्रॉली शेपूट हलवते. शॉकॅब तर बदलाच, ओझ्याच्या गाडीचे घ्या. पण निसत्या शॉकॅबनं हे थांबत नाही."

मशीन मागे मीच सरकवलं होतं. उतरवायला सोपं पडतं म्हणून.

नवे शॉकॅब बसवले, मशीन पुढे घेतलं. गाडी सरळ चालली.

घरी ह्यांनी विचारलं, "काय निघालं गं?"

"शॉकॅब गेले होते," म्हटलं. खोटं तर नाहीच ना?